पुढच्या चाकाकडचा आवाज नेमका कशाचा? भाग बदलण्याआधी करायची क्रमवार तपासणी

पुढच्या चाकाकडून अनोळखी आवाज येऊ लागला की बहुतेक वेळा एकच चूक होते: आवाज कशाचा आहे हे ठरण्याआधीच भाग बदलला जातो. घूं-घूं वाजते म्हणजे बेअरिंग, खड्ड्यात खट् होते म्हणजे शॉक अ‍ॅब्सॉर्बर, वळताना वाजते म्हणजे स्टिअरिंग, अशी समीकरणे तोंडपाठ झालेली असतात आणि ती अर्धीच खरी असतात. मी स्वतः एकदा घूं-घूं आवाजापायी पुढचे उजवे बेअरिंग बदलून घेतले, आवाज हटला नाही म्हणून डावेही बदलले, आणि त्यानंतर टायरच्या नक्षीवरून तळहात फिरवला तेव्हा रबराच्या कडा करवतीच्या दात्यांसारख्या एका बाजूने उंच झालेल्या हाताला लागल्या. दोन मिनिटांचे, बिनखर्चाचे काम मी सगळ्यात शेवटी केले होते. पुढील पायऱ्यांपैकी एकही अवघड नाही, पण क्रम चुकला की सोपी पायरीसुद्धा चुकीचे उत्तर देते.

हे विवेचन इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना मिळणाऱ्या, पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर एकत्र असलेला उभा खांब) आणि डिस्क ब्रेक असलेल्या गाड्या डोळ्यांसमोर ठेवून केले आहे, कारण बहुतेक लहान व मध्यम गाड्यांची रचना अशीच असते. रचना वेगळी असेल तर तपासायचे भाग बदलतील. क्रम तोच राहील.

## तयारी

सोबतीला एक माणूस हवा. एकट्याने गाडी चालवताना आवाज ऐकणे, त्याची दिशा ओळखणे आणि रस्त्यावर लक्ष ठेवणे ही तीन कामे नीट होत नाहीत, आणि उभ्या गाडीवरच्या निम्म्या चाचण्यांत एकाने स्टिअरिंग किंवा ब्रेक सांभाळावा लागतो.

साधने फार लागत नाहीत: जॅक, दोन जॅक स्टँड, मागच्या चाकांना लावायच्या पाचरी, व्हील पाना, टॉर्क पाना (नट ठरावीक जोरानेच आवळणारा), चांगली टॉर्च, फूट-दीड फूट लांबीची टॉमी (उचकटायची लोखंडी कांब), हातमोजे, खडू आणि वही. गाडीची माहितीपुस्तिका जवळ ठेवावी, कारण जॅक कोठे लावायचा आणि चाकाचे नट किती घट्ट करायचे हे दोन्ही त्यातूनच घ्यायचे आहे.

गाडी रिकामी करावी. दाराच्या कप्प्यातली बाटली, सीटखालचे पाने, डिकीतला सैल जॅक आणि स्टेपनी यांचे आवाज पुढच्या चाकाकडून आल्यासारखे वाटतात, कारण पत्र्यातून आवाज फिरतो आणि बसलेल्या माणसाला त्याची दिशा कळत नाही. चारही टायरमधील हवा थंड असताना नेमून दिलेल्या दाबाइतकी करून घ्यावी. हवा कमी असलेला टायर स्वतः आवाज करतो आणि पुढच्या सगळ्या निरीक्षणांत गोंधळ घालतो.

## टप्पा १: गाडी हलवण्याआधी

चाकावर प्लॅस्टिकची टोपी असेल तर ती काढून बाजूला ठेवावी. टिकटिक किंवा किरकिर करणाऱ्या आवाजांपैकी काही इथेच संपतात. त्यानंतर प्रत्येक नट पान्याने तपासावा. नटाभोवती गंजाच्या रेघा फाकलेल्या दिसत असतील किंवा चाकाची भोके लांबट झालेली वाटत असतील, तर ते चाक काही काळ सैल फिरले आहे असे समजावे.

टायरची नक्षी पूर्ण फेरीभर पाहावी. खाचेत अडकलेला खडा, रुतलेला खिळा किंवा स्क्रू यांचा आवाज डांबरी रस्त्यावर नेमका टिक-टिक असा येतो. टायरच्या बाहेरच्या आणि आतल्या, दोन्ही कडांवर फुगवटा आहे का हे टॉर्च लावून बघावे. आतली कड पाहायची राहून जाते.

चाकाच्या वरचे प्लॅस्टिकचे अस्तर आणि इंजिनाखालचे झाकण हाताने ओढून पाहावे. एखादी क्लिप तुटली की हे अस्तर वेगात वाऱ्याने फडफडते किंवा वळणावर टायरला घासते. अशा वेळी घासल्याची चकाकणारी रेघ अस्तरावर उमटलेली असते.

सावधान: नट सैल असतील, टायरला फुगवटा असेल, ब्रेक मारताना धातूवर धातू घासल्याचा आवाज येत असेल किंवा सरळ रस्त्यावर स्टिअरिंग अचानक डगमगू लागले असेल, तर रस्त्यावरची चाचणी घेऊ नये. नट सैल असल्यास स्टड (नट ज्यावर बसतो तो बोल्ट) आणि भोके शाबूत आहेत हे पाहून ते घट्ट करावेत. बाकीच्या बाबतीत गाडी जागेवरच तपासावी किंवा उचलून न्यावी.

## टप्पा २: आवाज कागदावर उतरवणे

ही पायरी कंटाळवाणी वाटते म्हणून टाळली जाते, आणि इथेच सगळे बिघडते. ‘काहीतरी वाजते’ एवढ्यावरून कोणताही कारागीर अंदाजाशिवाय दुसरे काही करू शकत नाही. आवाजाचे नाव लिहावे. आपल्या भाषेत त्यासाठी शब्दांची वाण नाही: घूं-घूं, घरघर, खट्, खडखड, कट-कट, टिकटिक, कुईकुई, करकर, खरखर. हे शब्द वेगवेगळ्या दोषांकडे बोट दाखवतात, त्यामुळे कट-कट आणि खट् यांत गल्लत करू नये. कट-कट ही मालिका असते, खट् हा एकच ठोका असतो.

मग पुढील गोष्टी नोंदवाव्यात: आवाज कोणत्या वेगाला सुरू होतो, वेगाबरोबर चढतो का, गाडी थंड असताना येतो की तापल्यावर, पाऊस किंवा धुण्यानंतर बदलतो का, आणि तो नेमका केव्हापासून सुरू झाला. शेवटचा प्रश्न फार मोलाचा आहे. टायर बदलल्यानंतर, ब्रेकचे काम झाल्यानंतर किंवा मोठ्या खड्ड्यात आपटल्यानंतर लगेच आवाज सुरू झाला असेल, तर तपासणी त्या घटनेपासूनच सुरू करावी.

आवाजात लय असेल तर ती मोजावी. १७५/६५ आर १४ मापाच्या टायरचा परिघ साधारण १.८३ मीटर असतो, म्हणजे ताशी २० किलोमीटर वेगाला चाक सेकंदाला जवळपास ३ फेऱ्या मारते. या वेगाला सेकंदाला तीन ठोके येत असतील तर प्रत्येक फेरीत एकदा काहीतरी लागते आहे: अडकलेला खडा, वाकडी डिस्क किंवा टायरवरचा एखादा उंचवटा. फेरीपेक्षा वेगाने येणारी कट-कट वेगळीकडे नेते, कारण सीव्ही जॉइंटमध्ये (चाकाला ताकद देणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टच्या टोकाच्या सांध्यात) बहुधा सहा गोळ्या असतात आणि एका फेरीत त्या अनेकदा वाजू शकतात.

## टप्पा ३: रस्त्यावरची चाचणी

मोकळा, ओळखीचा, सरळ आणि थोडी वळणे असलेला रस्ता निवडावा. काचा खाली, रेडिओ आणि पंखा बंद. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. वेग, वळण आणि ब्रेक एकत्र बदलले तर ऐकलेल्या आवाजाचा काहीही अर्थ लागत नाही.

३.१ सरळ रस्ता, स्थिर वेग. ताशी ३०, ५० आणि ७० अशा वेगांना, कायदा आणि रस्ता परवानगी देत असतील तिथेच, प्रत्येकी काही सेकंद स्थिर राहावे. सोबत्याने आवाज कधी उमटतो ते लिहावे.

३.२ न्यूट्रल. आवाज चालू असताना मोकळ्या रस्त्यावर गाडी क्षणभर न्यूट्रलमध्ये टाकावी. गिअर हाताने बदलायचा असेल तर क्लच दाबला तरी चालते. स्वयंचलित गिअरच्या गाडीत पुस्तिकेत मनाई असेल तर ही चाचणी सोडून द्यावी आणि फक्त अ‍ॅक्सिलरेटर सोडून ऐकावे. इंजिनाचा वेग उतरल्याबरोबर आवाज उतरला तर तो इंजिन, पट्टा, एक्झॉस्ट किंवा गिअरबॉक्सकडचा असण्याची शक्यता मोठी. आवाज गाडीच्या वेगाशीच चिकटून राहिला तर चाक, टायर, बेअरिंग किंवा ब्रेक यांच्याकडे जावे.

सावधान: या चाचणीसाठी चालत्या गाडीचे इंजिन कधीही बंद करू नये. ब्रेकची मदत लवकर संपते, पॉवर स्टिअरिंग जड होते आणि किल्ली मागे फिरली तर स्टिअरिंग लॉकही होऊ शकते.

३.३ लांब, सौम्य वळण. घूं-घूं आवाजासाठी ही सगळ्यांत उपयोगी पायरी आहे. गाडी डावीकडे वळते तेव्हा भार उजव्या चाकावर जातो, आणि उजवीकडे वळते तेव्हा डाव्यावर. डाव्या वळणात आवाज वाढत असेल आणि उजव्या वळणात कमी होत असेल, तर संशय उजव्या बेअरिंगवर जातो. हा संकेत आहे, पुरावा नाही. हल्लीच्या दुहेरी ओळीच्या बेअरिंगमध्ये आडव्या भाराने एका ओळीवरचा ताण वाढतो आणि दुसरीवरचा घटतो, म्हणून कधी कधी उलट बाजूचे चाकही दोषी निघते. एवढ्यावरून बेअरिंग मागवू नये.

३.४ रस्त्याचा पृष्ठभाग. काँक्रीटवरून डांबरावर किंवा खडबडीत डांबरावरून गुळगुळीत डांबरावर जाताना आवाजाचा पोत लक्षपूर्वक ऐकावा. टायरचा आवाज पृष्ठभागाबरोबर स्पष्ट बदलतो, तर बेअरिंगची घरघर साधारण तशीच राहते. माझ्या गाडीच्या वेळी हा एक फरक मी ऐकला असता तर दोन्ही बेअरिंगे वाचली असती.

३.५ ब्रेक. आधी ब्रेक पेडलवर पाय फक्त टेकवावा. खडबडीत रस्त्यावरची बारीक खडखड एवढ्यानेच थांबत असेल, तर कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग), ब्रेक पॅड किंवा त्यांच्या पत्र्याच्या क्लिपा सैल आहेत. मग वेगवेगळ्या जोराने ब्रेक मारावा. बारीक, उंच कुईकुई ही बऱ्याच पॅडवर मुद्दाम बसवलेल्या पत्र्याच्या इशाऱ्याची असू शकते. पॅड झिजले की ती पट्टी डिस्कला लागते. रात्रभर पावसात उभ्या राहिलेल्या गाडीची पहिल्या चार-पाच ब्रेकना होणारी खरखर ही डिस्कवरच्या गंजाच्या पातळ थराची असते आणि ती दोष मानू नये. जोरात ब्रेक मारताना पायाखाली होणारी थरथर आणि टरटर ही एबीएस (ब्रेक मारताना चाके जखडू न देणारी यंत्रणा) काम करत असल्याची खूण आहे.

३.६ पूर्ण वळलेले स्टिअरिंग. रिकाम्या मैदानात स्टिअरिंग जवळजवळ शेवटपर्यंत फिरवून, हलका अ‍ॅक्सिलरेटर देत गोल फेरी मारावी. आधी एकीकडे, मग दुसरीकडे. ताकद देताच स्पष्ट कट-कट-कट येत असेल तर बाहेरचा सीव्ही जॉइंट झिजला आहे. बहुधा वळणाच्या बाहेरच्या बाजूचा जॉइंट वाजतो, पण खात्री जॉइंटवरचे रबरी बूट, म्हणजे आवरण, पाहिल्यावरच करावी. सरळ जाताना अ‍ॅक्सिलरेटर देण्या-सोडण्याबरोबर एकच खट् येत असेल, तर आतला जॉइंट किंवा इंजिनाचे माउंटिंग (इंजिन पेलणारा रबरी आधार) यांच्याकडे वळावे.

३.७ उंचवटे. कमी वेगात दोन्ही चाके एकाच वेळी गतिरोधकावरून न्यावीत, नंतर एकच चाक उंचवट्यावरून न्यावे. एकच चाक चढताना खडखड जास्त आणि दोन्ही एकदम चढताना कमी, असे असेल तर स्टॅबिलायझर बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी दांडी) आणि त्याच्या टोकांच्या लिंक रॉडवर लक्ष ठेवावे, कारण दोन्ही चाके सारखी उचलली गेली की त्या बारला पीळ बसत नाही.

तपासणी: या टप्प्याअखेर वहीत एक वाक्य लिहिता यायला हवे, जसे ‘ताशी ४० पासून घूं-घूं, वेगाबरोबर चढते, न्यूट्रलने फरक नाही, डाव्या वळणात वाढते, पृष्ठभागाने बदलत नाही’. असे वाक्य तयार होत नसेल तर गाडी उचलण्याची घाई करू नये; परत फेरी मारावी.

## टप्पा ४: उभ्या गाडीवरच्या चाचण्या

गाडी सपाट जागी, हँडब्रेक लावून उभी करावी. सोबत्याने इंजिन चालू ठेवून स्टिअरिंग हळूहळू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवावे. आपण चाकाच्या कमानीतून हात घालून पुढच्या स्प्रिंगच्या बाहेरच्या अंगावर तळहात सपाट टेकवावा. बोटे वेढ्यांच्या मध्ये जाऊ देऊ नयेत, आणि टायर हाताकडे सरकतो आहे याचे भान ठेवावे. वरच्या स्ट्रट माउंटचे बेअरिंग अडकत असेल तर स्टिअरिंगबरोबर सहज फिरण्याऐवजी स्प्रिंग आधी पीळ साठवते आणि मग टण् आवाज करून एकदम सुटते. ही उसळी तळहाताला इतकी स्पष्ट कळते की एकदा अनुभवल्यावर शंका राहत नाही.

फिरवताना करकर येत असेल आणि स्प्रिंग शांत असेल तर बॉल जॉइंटकडे (चाकाला खालच्या आडव्या दांड्याशी, म्हणजे लोअर आर्मशी, जोडणाऱ्या गोळीच्या सांध्याकडे) बोट जाते. त्याचे वंगण वाळलेले असते.

नंतर पुढे-मागे मोकळी जागा आहे हे पाहून, ब्रेक घट्ट दाबून गिअर पुढे आणि मागे टाकावा; हाताने गिअर बदलायच्या गाडीत क्लच किंचित सोडून ताण द्यावा. प्रत्येक वेळी खट् येत असेल आणि इंजिन जास्त उसळत असेल तर माउंटिंग तपासावे. हा ठोका गाडीत बसून अगदी चाकातून आल्यासारखा वाटतो आणि त्यापायी विनाकारण लोअर आर्म बदलले जातात. या वेळी गाडीच्या पुढे किंवा मागे कोणीही उभे राहू नये.

## टप्पा ५: गाडी उचलणे

कठीण, सपाट जमीन घ्यावी. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी पाचरी लावाव्यात. चाके काढायची असतील तर नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करावेत. मग पुस्तिकेत दाखवलेल्या जागी जॅक लावून दोन्ही बाजू उचलाव्यात आणि दोन्हींखाली जॅक स्टँड द्यावेत. स्टँडवर भार आल्यावर गाडी हाताने ढकलून पाहावी. हलली तर खाली घेऊन पुन्हा लावावी.

सावधान: फक्त जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली डोके, हात किंवा पाय घालू नये, ‘एकच मिनिट’ असले तरी नाही. तसेच चाके अधांतरी असताना इंजिन चालू करून गिअरमध्ये टाकू नये. लोंबकळत्या चाकांचे सीव्ही जॉइंट जास्त कोनात वळलेले असतात, त्यामुळे निरोगी जॉइंटही वाजतो आणि गाडी स्टँडवरून उतरण्याचा धोका असतो.

दोन्ही बाजू उचलायला सांगण्यामागे आणखी एक कारण आहे. एकच बाजू उचलली की स्टॅबिलायझर बारला पीळ बसतो, लिंक रॉड ताणात जातो आणि त्याची ढिलाई लपते. ‘लिंक चांगली आहे’ असा चुकीचा दाखला अशाच एकतर्फी उचलण्यातून मिळतो.

## टप्पा ६: चाक हलवणे आणि फिरवणे

६.१ वर-खाली पकड. घड्याळातील १२ आणि ६ च्या जागी चाक धरून आत-बाहेर हलवावे. टक् अशी ढिलाई जाणवली तर सोबत्याला ब्रेक दाबून धरायला सांगावे आणि पुन्हा हलवावे. ब्रेकने हब (चाक ज्यावर बसते तो फिरणारा भाग) आणि नकल (बेअरिंग धरणारा न फिरणारा भाग) एकमेकांना जखडले जातात, म्हणून ढिलाई नाहीशी झाली तर ती बेअरिंगमध्ये होती. तशीच राहिली तर ती बॉल जॉइंट, लोअर आर्म किंवा स्ट्रटमध्ये आहे. या एका युक्तीने दोन भागांमधला गोंधळ सुटतो, तरी ती करणारे फार थोडे दिसतात.

६.२ आडवी पकड. ३ आणि ९ च्या जागी धरून हलवावे. सोबत्याने स्टिअरिंग स्थिर धरावे आणि आपण एक हात टाय रॉड एंडच्या (स्टिअरिंगचा दांडा चाकाला जोडणाऱ्या टोकाच्या) सांध्यावर ठेवावा. ढिलाई सांध्यातच बोटांना लागली तर बाहेरचा एंड झिजला आहे. सांधा घट्ट आणि दांडा मात्र रबरी बेलोमध्ये (घड्यांच्या आवरणात) आत-बाहेर खेळत असेल तर आतला सांधा.

६.३ चाक फिरवणे. एका हाताने चाक जोरात फिरवावे आणि दुसरा तळहात स्प्रिंगवर सपाट टेकवावा. निरोगी बेअरिंगची स्प्रिंग जवळजवळ निश्चल लागते. बिघडलेल्या बेअरिंगची बारीक किरकिर, मुठीत वाळू घेऊन चोळल्यासारखी, स्प्रिंगमधून तळहातात उतरते. कानाला काहीच ऐकू येत नसतानाही ती हाताला कळते. दोन्ही बाजू लागोपाठ करून तुलना करावी, एकट्या चाकावरून निकाल देऊ नये. पॅडचा डिस्कला होणारा हलका घासता स्पर्श स्वाभाविक आहे. तो फेरीत ठरावीक ठिकाणी येतो; बेअरिंगची किरकिर पूर्ण फेरीभर असते.

ढिलाई नाही म्हणजे बेअरिंग चांगले, असे मानू नये. आतल्या धावपट्ट्यांवर खड्डे पडलेले बेअरिंग बराच काळ घट्ट राहूनही घूं-घूं करत असते.

६.४ टॉमीने तपासणी. लोअर आर्म आणि नकल यांच्यामध्ये टॉमीचे टोक टेकवून हलका जोर द्यावा. बॉल जॉइंटचे रबर फाडू नये. सांध्यात नजरेला दिसेल अशी वर-खाली हालचाल किंवा टक् असा ठोका आला तर जॉइंट गेला आहे. हा जॉइंट सुटला तर चाक बाहेर मुडपते, म्हणून अशी गाडी दुरुस्त होईपर्यंत चालवू नये. लोअर आर्मचे बुश (धातूच्या नळीभोवतीचा रबरी आधार) तपासताना मात्र हात आखडता घ्यावा: रबर लवचीक असल्यामुळे थोडे हलणारच, आणि वरवरच्या भेगांवरून बुश बाद ठरत नाही. रबर धातूच्या नळीपासून सुटले असेल किंवा फट आरपार दिसत असेल तर ते बदलावे.

लिंक रॉड हाताने धरून झटके द्यावेत. खट् वाजला की उत्तर मिळाले. हा स्वस्त आणि सोपा भाग खड्ड्यांतल्या खडखडीला फार वेळा कारणीभूत असतो, आणि त्याच्याऐवजी शॉक अ‍ॅब्सॉर्बर बदलले जातात.

## टप्पा ७: चाक काढल्यावर

ब्रेक थंड झाल्याची खात्री करावी. पॅडची धूळ फुंकून किंवा दाबाच्या हवेने उडवू नये. ती श्वासात जाणे घातक आहे. ओल्या फडक्याने पुसावी.

बाहेरच्या पॅडवर समाधान मानू नये. कॅलिपरच्या सरकत्या पिना अडकल्या की आतला पॅड धातूपर्यंत झिजतो आणि बाहेरचा निम्मा शिल्लक असतो, त्यामुळे चाकाच्या फटीतून पाहणाऱ्याला सगळे ठीक वाटते. नव्या पॅडचे घर्षणद्रव्य साधारण १० ते १२ मिलिमीटर जाड असते. ३ मिलिमीटरच्या आसपास आले की जोडी बदलण्याची वेळ झाली. कॅलिपर काढला तर तो तारेने बांधून टांगावा, ब्रेकच्या नळीवर लोंबकळू देऊ नये.

डिस्कमागच्या पातळ पत्र्याकडे आवर्जून पाहावे. डिस्क आणि हा पत्रा यांच्यामध्ये शिरलेला चिमूटभर खडा इतका कर्कश ओरडतो की गाडी मोडल्यासारखी वाटते. डिस्कच्या मागच्या अंगावर ताजी गोल रेघ दिसली तर खडा तिथेच होता. पत्रा वाकून डिस्कला लागत असेल तर हाताने दोन-तीन मिलिमीटर मागे वाकवावा. एवढ्यानेच काम होते.

ड्राइव्ह शाफ्टचे रबरी बूट घडीघडीने उघडून पाहावेत. रिमच्या आतल्या बाजूला ग्रीसचे शिंतोडे फेकलेले दिसले तर बूट फाटला आहे. अजून कट-कट येत नसेल आणि ग्रीसमध्ये रेती मिसळलेली नसेल, तर नुसता बूट व ग्रीस बदलून जॉइंट वाचू शकतो. कट-कट सुरू झाल्यावर बूट बदलणे म्हणजे पैसे वाया घालवणे. शॉक अ‍ॅब्सॉर्बरवर तेलाचे ओघळ आणि स्प्रिंगचा खालचा वेढा तुटलेला नाही ना, हेही याच वेळी पाहून घ्यावे.

## टप्पा ८: टायर की बेअरिंग, याचा शेवटचा निवाडा

घूं-घूं आवाजाचे उत्तर अजून पक्के नसेल तर टायरच्या नक्षीवरून तळहात पुढून मागे आणि मागून पुढे फिरवावा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने दात्यांसारखे लागले, किंवा थोड्या थोड्या अंतरावर खळगे लागले, तर टायर संशयित. तारा बाहेर आल्या असतील तर हात कापतो, म्हणून आधी नजर टाकावी.

मग त्याच बाजूची पुढची आणि मागची चाके आपसांत बदलावीत आणि खडूने खूण करावी. काही टायर एका दिशेनेच फिरायचे असतात, म्हणून बाजू बदलू नये. पुढे-मागे टायरचे माप वेगळे असेल तर ही चाचणी करू नये. त्याच रस्त्यावर, त्याच वेगाला फेरी मारावी. आवाज मागे गेला किंवा त्याचा सूर ठळकपणे बदलला, तर टायर दोषी आहे आणि त्याच्या मागे चुकलेले अलाइनमेंट (चाकांचे कोन) किंवा कमजोर शॉक अ‍ॅब्सॉर्बर हे मूळ कारण असू शकते. आवाज जसाच्या तसा पुढेच राहिला, तर बेअरिंगचा निर्णय घ्यायला आता हरकत नाही.

## टप्पा ९: दुरुस्ती करून घेताना आणि नंतर

काम कारागिराकडे द्यायचे असले तरी चार गोष्टी सांगून ठेवाव्यात. दाबून बसवलेले बेअरिंग काढताना बहुधा खराब होते, म्हणून ‘काढून बघू’ असे करता येत नाही. निदान आधी पक्के हवे. नवे बेअरिंग बसवल्यावर ड्राइव्ह शाफ्टचा नट नेमून दिलेल्या टॉर्कला घट्ट होईपर्यंत गाडीचा भार चाकावर देऊ नये. लोअर आर्मच्या रबरी बुशांचे बोल्ट चाके लोंबकळत असताना शेवटचे घट्ट करू नयेत. गाडी आपल्या नेहमीच्या उंचीवर टेकल्यावर करावेत, नाहीतर रबराला कायमचा पीळ बसून ते लवकर फाटते. टाय रॉड एंड, स्ट्रट किंवा लोअर आर्म उघडला असेल तर अलाइनमेंट करून घ्यावे.

चाक बसवण्यापूर्वी हबचा आणि रिमचा टेकणारा भाग तारेच्या ब्रशने स्वच्छ करावा. नट आधी हाताने लावून मग समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत. एकामागून एक गोल आवळले तर चाक तिरके बसू शकते. शेवटचा जोर गाडी जमिनीवर टेकल्यावर टॉर्क पान्यानेच द्यावा आणि ५० ते १०० किलोमीटर चालल्यावर नट पुन्हा तपासावेत.

यानंतर टप्पा ३ मधील तीच फेरी, त्याच रस्त्यावर आणि वहीतील त्याच वेगांना पुन्हा मारावी. आवाज कमी झाला पण गेला नाही, तर बसवलेला भाग सदोष आहे असे लगेच म्हणू नये. अनेकदा मोठ्या आवाजाखाली दुसरा लहान आवाज दडलेला असतो आणि पहिला गेल्यावरच तो कानावर येतो. त्याच्यासाठी वहीचे नवे पान घ्यावे आणि टप्पा २ पासून पुन्हा सुरुवात करावी.